जोड

आपाचा फोन रात्री दहानंतर आला की मी आधी अल्लाहचं नाव घेतो आणि मगच उचलतो. गेल्या वर्षी जानेवारीत तसाच फोन आला. सांगलीहून ती रडत बोलत होती. भाचा जर्मनीत बर्फावरून पडला होता.

हाड मोडलं नव्हतं. गुडघ्याचा लिगामेंट ताणला गेला होता, दोन महिने पट्टा बांधायचा होता. पण आपाला धीर नव्हता. "तू बोल उसकू. तेरा सुनता वो. इत्ता बडा अंग लेके बरफपर कायकू जाता?"

भाचा सहा फूट पाच इंच आहे, वजन ११० किलो. नोकरीसाठी म्युनिकला गेला, तिथल्या मित्रांबरोबर स्कीइंग शिकला आणि त्याला त्याचं वेडच लागलं. हिवाळ्यातला प्रत्येक शनिवार गार्मिशच्या डोंगरात. फोटो पाहून घरातले सगळे म्हणायचे, हत्ती बर्फावर कसा चालतो? पडल्याचं कळलं तेव्हा 'होणारच होतं' असं घरातल्या प्रत्येकाला वाटलं. खरं सांगतो, मलाही वाटलं.

त्याला समजवायला म्हणून मी व्हिडिओ कॉल केला. पण बावीस वर्षं शिकवण्याची सवय आहे. पोराचं उत्तर चुकलं तर रागावण्याआधी कुठल्या पायरीवर चुकलं ते बघायचं, हे बीएडला शिकवलं होतं. म्हटलं, पडलास कसा ते पहिल्यापासून सांग.

तो म्हणाला, वेगात वळण घेत होतो. डावी स्की पायातून आपोआप सुटली आणि मी घसरत जाऊन जाळीला धडकलो.

आपोआप कशी सुटली? इथून माझा अभ्यास सुरू झाला. मी आयुष्यात बर्फ पाहिला तो फ्रीजमधला. साताऱ्यात आमचं डोंगराशी नातं म्हणजे यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि धापा टाकत परत यायचं. पण पुढचे काही महिने मी आणि भाचा रोज रात्री अर्धा तास याच विषयावर बोलत होतो.

स्कीवर बूट अडकवतात त्या खटक्याला बाइंडिंग म्हणतात. त्याचं काम दुहेरी आहे. चालताना बूट घट्ट धरायचा आणि माणूस पडताना पाय पिरगळला तर सोडून द्यायचा. घट्ट किती आणि सैल किती, हे एका आकड्यावर ठरतं. तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि माणूस कसा स्की करतो, यावरून कोष्टकात पाहून दुकानातला तंत्रज्ञ लावतो. आकडा गरजेपेक्षा मोठा लागला तर पडताना पाय सुटत नाही, हाड मोडतं. लहान लागला तर चालत्या वेगात स्की निघून जाते. भाच्याचं तेच झालं होतं.

"दुकानात वजन किती सांगितलंस?"

तो गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "मामू, नव्वद बोल्या मैं."

मागे रांग होती, काउंटरवर मुलगी होती, मित्र शेजारी उभे होते. एकशे दहा म्हणायला जीभ वळली नाही. फॉर्मवर स्की करण्याच्या पद्धतीचे तीन प्रकार होते. त्यात त्याने पहिला, म्हणजे सावकाश जाणाऱ्याचा, निवडला. उगाच शेखी नको म्हणून. दुकानदाराने मिळालेल्या माहितीवर बरोबर आकडा लावला. माहितीच दुसऱ्याच कुणाची तरी होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. भाचा सातवीत माझ्याच वर्गात होता. आरोग्य तपासणीच्या दिवशी मुलांची वजनं मी घेत होतो. त्याचा आकडा मी मोठ्याने वाचला आणि वर म्हणालो, "आता काटा दुरुस्तीला पाठवावा लागणार." वर्ग हसला. तोही हसला. मामाच शिक्षक, म्हणजे घरचीच थट्टा. त्यानंतर तो कधी काट्यावर राजीखुशीने चढल्याचं मला आठवत नाही, फक्त तालीम सोडून. तालमीत वस्तादांनी वजन ऐकून त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

सांगलीच्या पोराला तालीम नवी नाही. हिंदकेसरी मारुती माने यांचं कवठेपिरान याच जिल्ह्यातलं. तालमीत वजन हा दोष नसतो, ती माहिती असते. फडात कुस्ती नेमताना जोड लावतात. साठ किलोच्या मल्लासमोर शंभर किलोचा उभा करत नाहीत, कारण त्यात दोघांचाही अपमान असतो. भाच्याला मी एवढंच म्हटलं, बाळा, तुझी जोड चुकलीय, देह नव्हे.

त्याच्या स्की एका मित्राने विकलेल्या होत्या. मित्र पाच फूट आठ इंचाचा, सडपातळ. स्की १७० सेंटिमीटर लांब, नवशिक्यासाठी केलेल्या, मऊ. असली स्की ११० किलोखाली वेगात वाकते, थरथरते आणि तिची कड बर्फात रुतत नाही. त्यात नवशिक्यांच्या हलक्या बाइंडिंगचा आकडा दहाच्या पुढे जातच नाही. भारी माणसाचा आकडा बाइंडिंगच्या मर्यादेच्या टोकाला नको, मध्यात कुठेतरी यायला हवा.

मग नवी जोड शोधायची ठरली. त्याला डोंगरावर सगळीकडे चालणारी हवी होती. सकाळी घट्ट, काचेसारखा बर्फ; दुपारी त्याचा चिखल; कधी बाजूला पडलेला ताजा भुसभुशीत. अशा स्कीला ऑल माउंटन म्हणतात. पायाखालची रुंदी साधारण ८५ ते १०५ मिलिमीटर. अरुंद असेल तर घट्ट बर्फावर कड पटकन बदलते, रुंद असेल तर ताज्या बर्फात तरंगते. तो बहुतेक वेळ आखलेल्या उतारांवर असतो, पण माणूस भारी, म्हणून पंच्याण्णवच्या आसपास थांबलो.

लांबीचा प्रश्न वेगळा. आता बऱ्याच स्कींचं टोक मोजडीसारखं वर वळलेलं असतं. त्यामुळे १८० ची स्की घट्ट बर्फावर प्रत्यक्षात त्याहून कमी टेकते. उंच आणि भारी माणसाने तो वळलेला भाग जमेस न धरता लांबी बघावी. त्याच्यासाठी १८५ च्या खाली बघण्यात अर्थच नव्हता.

सगळ्यात महत्त्वाचा निघाला ताठपणा. लाकडी गाभ्याबरोबर टायटॅनल नावाचे पातळ पत्रे घातलेले असतात. नावावरून टायटॅनियम वाटतं, पण तो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. तो पत्रा थरथर गिळतो. व्होल्कलची मँट्रा, नॉर्डिकाची एन्फोर्सर, ब्लिझार्डची बोनाफाईड, ही तिन्ही नावं त्यामुळेच आमच्या यादीत आली. हलक्या किंवा सावकाश जाणाऱ्या माणसाला याच स्की लाकडी फळीसारख्या वाटतील. म्हणजे त्या 'चांगल्या' नाहीत, त्या कुणाच्या तरी आहेत.

इथे एक गोष्ट मी त्याला खोदून विचारली. तू खरंच आक्रमक आहेस, की मोठा आहेस म्हणून तसा दिसतोस? स्कीच्या भाषेत आक्रमक म्हणजे रागीट नव्हे. उतार बघून मागे रेलतो तो सावध. गुडघे वाकवून, नडगी बुटाच्या जिभेवर दाबून पुढे झुकतो तो आक्रमक. नुसता भारी पण सावध असेल त्याला ताठ स्की दमवून टाकते. गुडघा बरा झाल्यावर त्याने एका प्रशिक्षकाला तासभर पैसे देऊन फक्त बघायला सांगितलं. प्रशिक्षक म्हणाला, तू बर्फावर कुस्तीच्या पवित्र्यात उभा असतोस.

मला खाशाबा जाधव आठवले. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे. मातीत वाढलेला हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅटवर उतरला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ताकद मातीतलीच होती, मॅट शिकावी लागली.

आधी बूट घेतले, स्की नंतर. जाणकार हाच क्रम सांगतात, कारण पायाचा हुकूम स्कीपर्यंत बूटच पोचवतो. त्याच्या पोटऱ्या तालमीतल्या. तीन दुकानांत बुटाचे खटके लागेनात. चौथ्या दुकानात रुंद बूट मिळाले. मग एक दिवस १८४ आणि एक दिवस १९१ भाड्याने वापरून पाहिली. १९१ वर तो म्हणाला, मामू, ही मुकाट्याने ऐकते.

डिसेंबरात बाइंडिंग लावायला गेला तेव्हा त्याने दुकानातूनच फोन लावला. मी शाळेच्या व्हरांड्यात होतो. काउंटरवरच्या बाईंनी काहीतरी विचारलं, याने जर्मनमध्ये उत्तर दिलं आणि मग माझ्यासाठी मोठ्याने सांगितलं, "एकसो दस बोल्या, मामू. और तीसरा नंबर टिक किया."

संध्याकाळी मी सातवीची ती गोष्ट काढली आणि माफी मागितली. तो हसला. "मामू, मेरेकू याद बी नै." थोड्या वेळाने दुसरंच काही बोलता बोलता म्हणाला, "बहात्तर था ना तब?"

आपा अजूनही दर शनिवारी दुआ मागत बसते. बसू दे. मी तिला समजवायचं सोडलंय, फक्त संध्याकाळी त्याचा मेसेज आला की लगेच कळवतो. आणि शाळेत वजनं घेण्याच्या दिवशी काटा आता कार्यालयाच्या आतल्या खोलीत असतो. एकेका मुलाला आत बोलावतो, आकडा कार्डावर लिहितो, कार्ड उलटं करून त्याच्या हातात देतो.