काटा लालवर गेला तेव्हा



गेल्या आठवड्यात काही लिहिलं नाही. अंगणात आमची जुनी मारुती ८०० इंजिन उघडून उभी होती, आणि त्याला कारण मी होते.

सासूबाईंना घेऊन कुंभोजच्या बाहुबलीला दर्शनाला गेले होते. परत निघायला उशीर झाला. सूर्यास्ताआधी त्यांचं जेवण व्हावं म्हणून गाडी दामटली. वाटेत तापमानाचा काटा लालवर गेलेला मला दिसला. मनात म्हटलं, आता थोडाच तर रस्ता राहिलाय. आईंचं जेवण वेळेत झालं, आणि काट्याबद्दल मी घरात अवाक्षर काढलं नाही.

दोन दिवसांनी गाडी सुरू केली तर मागून पांढरा धूर. थंडीतला धूर थोड्या वेळात विरतो, हा थांबेचना, वर वास गोडसर. धाकट्या भाऊजींनी ऑइलचं झाकण काढलं, तर आतून ताकासारखा पांढरट थर. "वहिनी, हेड गॅस्केट गेलंय."

गॅस्केट म्हणजे कुकरची रिंग समजा. इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये ते दाबून बसतं. पण त्याला एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: जळता वायू, पाणी आणि ऑइल. इंजिन फार तापलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केटवरचा दाब सुटतो आणि पाणी नको तिथे शिरतं.

भाऊजी आयटीआय शिकलेले, त्यामुळे घरीच करायचं ठरलं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडलं. कूलंट काढलं ते मी लगेच कॅनमध्ये भरून बंद केलं. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. आपल्या घरात तर हे माहीत असायलाच हवं.

माझं काम बोल्ट सांभाळायचं. पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचला. हेडचे बोल्ट एकदम सोडत नाहीत. बाहेरून आत, थोडे थोडे. बसवताना उलट, मधून बाहेर, टॉर्क रेंचने, दोन-तीन टप्प्यांत. हेडवर सरळ पट्टी ठेवून भाऊजींनी फीलर गेजचं ०.०५ मिलीमीटरचं पातं सरकवलं. मध्यभागी ते सहज आत गेलं. म्हणजे फेसिंगला पाठवणं आलं.

मी ब्लॉकवर चिकटलेलं जुनं गॅस्केट हळूहळू खरवडत होते. भाऊजी म्हणाले, "होज चिरलाय. पाणी गळलं असणार, काटा वर गेला असणार. कुणी बघितलं नाही?"

"काटाच बिघडला असेल. जुनी गाडी," हे म्हणाले.

हात तिथेच थांबला. ह्यांनी वाट करून दिली होती, गप्प बसले असते तर निभावलं असतं.

"काटा बरोबर आहे," मी म्हटलं. "मला दिसला होता."

हे काही बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. बोलल्या त्या कट्ट्यावर माळ घेऊन बसलेल्या सासूबाई. "मला विचारायचं होतंस. एक रात्र उपाशी राहिले असते तर काय बिघडलं असतं? रस्त्यात गाडी पेटली असती म्हणजे?" मी त्यांच्या नियमासाठी केलं म्हणत होते, आणि त्यांनाच विचारलं नव्हतं.

हेड लेथवाल्याकडून तीन दिवसांनी आलं. नवीन गॅस्केट, नवा होज, टायमिंगच्या खुणा जुळवून बेल्ट, ताजं ऑइल, ताजं कूलंट. ऑइलमध्ये पाणी गेलेलं, म्हणून ते थोडं चालवून पुन्हा बदललं. रविवारी गाडी सुरू केली. पंखा आपोआप लागला, काटा मध्यावर थांबला. ह्यांनी वाकून एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

लेथवाल्याचे पैसे मी भिशीतून दिले. येत्या पौर्णिमेला पुन्हा बाहुबलीला जायचंय. आईंनी आत्ताच सांगून ठेवलंय, दुपारी तीनला परत निघायचं.