श्वासाची वाट

चि. मुक्ता,

जुन्या बँडबाज्यातली पितळी वाद्यं मोडीच्या भावात घेऊन त्यांचे दिवे करायचे तुझ्या मनात आहे, हे पत्रातून कळलं. कल्पनेला माझा विरोध नाही. आग्रह एकच आहे: ज्या वाद्यातून अजून सूर निघू शकतो, त्याच्या नळीला भोक पाडू नकोस. ट्रम्पेट लांबून एखाद्या दागिन्यासारखं दिसतं खरं, पण त्यातलं एकही वळण शोभेसाठी घातलेलं नाही. सुमारे साडेचार फुटांची नळी दोन हातांत मावावी म्हणून ती दुमडलेली असते. ओठांच्या थरथरीने आतली हवा कंप पावते, पिस्टन दाबला की हवेची वाट लांबते आणि सूर खाली उतरतो. तुला भुरळ घालणारा तो आकार या वाटेनेच घडवला आहे. वायर ओवायला पाडलेलं शेंगदाण्याएवढं भोकही ती वाट मोडतं.

तू म्हणशील, ही वाद्यं तर मेलेलीच आहेत. पण ते ठरवलं कुणी? बहुतेक वेळा भंगारवाल्याच्या तराजूने. भोंग्याला पडलेले पोचे आतून पोलादी गोळा फिरवून काढता येतात, सुटलेल्या सांध्याला पुन्हा डाख देता येतो. अडकलेला पिस्टन तर पुष्कळदा वाळलेल्या तेलाने आणि मळाने धरलेला असतो. पिस्टन मोकळे असतील तर एक साधी परीक्षा करून बघ. पिस्टन न दाबता त्याला जोडलेली यू आकाराची छोटी नळी हळूच बाहेर ओढ आणि ती सुटण्याआधीच पिस्टन दाब. ‘टप्’ असा नेटका आवाज आला, तर तिथली हवा अजून धरून ठेवली जाते आहे. खरा रोग वेगळा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. फुंकणाऱ्याच्या श्वासातल्या ओलाव्याने वर्षानुवर्षं जस्त झिजत जातं, माउथपीसजवळच्या नळीवर गुलाबी-तांबूस ठिपके उमटतात आणि पत्रा आतून ठिसूळ होतो. सगळी नळी अशी पोखरलेली, पिस्टन झिजून ढिले झालेले आणि दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या मोलापलीकडे गेलेला, असं वाद्य तू खुशाल काप.

कलाकार कॉर्नेलिया पार्कर यांचं उदाहरण कुणीही तुझ्यापुढे ठेवील. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्यांची ‘ब्रेथलेस’ ही २००१ सालची कलाकृती आहे: ५४ वाद्यं टॉवर ब्रिजच्या हायड्रॉलिक यंत्राखाली चिरडून सपाट केलेली आणि दोन मजल्यांमधल्या गोल पोकळीत तारांवर टांगलेली. आक्षेप रास्त आहे. एवढ्या वाद्यांचा चेंदामेंदा कलेत चालतो, तर एका भोकाचं काय? मला ती कलाकृती पटते, कारण तिथे चिरडणं हाच आशय आहे. ब्रिटनमध्ये ब्रास बँड ही खाणी-गिरण्यांतल्या कामगारांची जिवाभावाची गोष्ट. यॉर्कशरमधल्या ग्राइमथॉर्पच्या खाणीचा बँड १९१७ साली सुरू झाला. खाण १९९३ मध्ये बंद पडली, बँड आजही वाजतो. त्या पार्श्वभूमीवर श्वास पिळून काढलेली वाद्यं पाहिली की काय हरपलं ते कळतं. दिव्यासाठी पाडलेलं भोक मात्र काहीच सांगत नाही. ते फक्त सोयीचं असतं, आणि ती सोय दुसरीकडून होते.

उरतो व्यवहाराचा मुद्दा: तू वाद्यं घेतली नाहीस तर ती भट्टीत जातील. हे खरं आहे, म्हणूनच तू ती घ्यावीस असं मला वाटतं. भट्टीपेक्षा भिंत बरी. पण भिंतीवरचं अख्खं वाद्य उद्या एखादी शिकाऊ पोरगी उतरवून फुंकू शकते. आपल्याकडच्या बँडवाल्यांची पुष्कळ वाद्यं मेरठच्या जली कोठीत घडलेली असतात, आणि लग्नसराईत कुणाला तरी जुनं युफोनियम लागतंच. म्हणून वाद्याला लाकडी बैठक दे, नळीला चामड्याच्या पट्टीने धर, होल्डर भोंग्यात नुसता बसव आणि वायर बाहेरून मागच्या बाजूने खाली ने. बल्ब एलईडी असू दे, म्हणजे पत्रा तापणार नाही. ड्रिल हातात घेण्याआधी एखाद्या बँडमास्तरला सगळी वाद्यं दाखव, आणि माउथपीसजवळच्या नळ्यांचे जवळून घेतलेले फोटो मलाही पाठव.

तुझा,
काका