मॅन बेटावरच्या भिंती

कॉलेजच्या दिवसांत मुंबईतल्या एका पार्लरमध्ये आम्ही दोघे भाऊ 'मॅन्क्स टीटी सुपर बाइक' खेळत असू. सेगा कंपनीने १९९५ साली काढलेला हा खेळ. जोडीने उभ्या केलेल्या नकली मोटारसायकली. अंग झोकावे तिकडे गाडी कलायची आणि पडद्यावर हिरव्या टेकड्या, दगडी भिंती मागे पळायच्या. भिंतीवर आदळलो तरी क्षणात पुन्हा चालू! संपायची ती फक्त वेळ, आणि खिशातले पैसे.

त्या भिंती पाहण्याचा योग आला तो धाकटा मँचेस्टरला स्थायिक झाल्यावर. आयरिश समुद्र ओलांडून डग्लसला उतरलो आणि जुन्या विजेच्या ट्रामने आधी लॅक्सी गाठली. खेळातला सोपा मार्ग 'लॅक्सी कोस्ट'. त्यामुळे धाकटा वळणे 'ओळखू' लागला. गंमत अशी, की खरी शर्यत लॅक्सीतून जातच नाही! तिथे आहे ते खाणीतले पाणी उपसण्यासाठी १८५४ साली बांधलेले, साडेबहात्तर फूट व्यासाचे प्रचंड पाणचक्र.

शर्यत १९११ पासून डोंगरावरून धावते. डग्लस, कर्क मायकेल, रॅम्झी आणि मग स्नेफेलची चढण, अशी पावणेअडतीस मैलांची फेरी. एरवी हाच रस्ता शाळेच्या बसचा अन् दूधवाल्याचा. स्पर्धक दहा-दहा सेकंदांनी एकेक सुटतात, झुंज घड्याळाशी. २०२३ साली पीटर हिकमनने ही फेरी सतरा मिनिटांच्या आत, ताशी १३६ मैलांच्या सरासरीने पुरी केली. आणि कर्क मायकेलला घरांची दारे थेट या रस्त्यावर उघडतात!

धाकट्याने भाड्याच्या मोटारसायकलीची चौकशी केव्हाच करून ठेवली होती. गावाबाहेर इथे पुष्कळ रस्त्यांना वेगमर्यादा नाही, हे त्याने मला तीनदा ऐकवले. मी हो-नाही काहीच म्हटले नाही. चाळिशीतल्या भावाला काय सांगायचे?

गावाबाहेर भिंतीलगत एक बाक होता. त्यावर नाव आणि दोन साले. दोहोंतले अंतर धाकट्याच्या वयाहून कमी. १९११ साली सरावातच पहिला बळी गेला; तेव्हापासून या मार्गावर अडीचशेहून अधिक स्पर्धक गेले. १९७२ साली पार्लोत्ती गेला, तेव्हा जगज्जेत्या अगोस्तिनीने इथे पुन्हा न धावण्याचे ठरवले. १९७६ नंतर जागतिक अजिंक्यपदातूनही ही शर्यत वगळली गेली. तरी माणसे आपखुशीने येतातच. याला धैर्य म्हणावे की हट्ट, मला ठरवता आले नाही.

धाकटा बाकावर बसला नाही. भिंतीच्या दगडावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, रॅम्झीची बस किती वाजता आहे रे?"