पोरखेळांतील जादू

मधल्या सुट्टींत आमच्या वर्गांतील मुलें काल्पनिक राज्यांचा खेळ खेळतात. सोलापूर पडलें बहुभाषी. म्हणून प्रत्येक राज्याची जादूहि निराळी! तेलुगु विणकराचा मुलगा दारावर कोहळा टांगतो, मराठी मुलगा मीठमोहऱ्या ओवाळून चुलींत टाकितो, मुसलमान मुलगा दंडाला तावीज बांधितो. नरबळी व अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्रांत २०१३ सालीं झालेला कायदा यांस समजावून द्यावा, असें माझ्या मनांत आलें. तोंच एकानें विचारिलें, "सर, ख्रिस्ती लोकांची जादू कोणती?"

'आमच्यांत जादू नाहीं' हें उत्तर ओठांवर येऊन थबकलें. लहानपणीं मला ताप आला म्हणजे माझी निरक्षर आई शुभवर्तमानाचें पुस्तक माझ्या उशाखालीं ठेवीत असे.

मीं तें सांगितलें. मुलांनीं तें पुस्तक तत्काळ खेळांत घेतलें.