शेतकऱ्याचा प्रश्न आणि जाणत्याचें उत्तर

एके काळीं आपल्या ठाकुर्लीचें नांव चोळे येथील वीजगृहामुळें सर्वतोमुखीं होतें. तेथें निर्माण झालेली शक्ति तारांवाटे जाऊन रेल्वेच्या गाड्या ओढीत असे. शक्ति जर अशी दूर नेतां येते, तर ज्ञानहि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेतां येईल काय? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस गेल्या गणपतीच्या सुटींत मामांच्या शेतावर मिळालें.

मामांची मुरबाड तालुक्यांत थोडी भातशेती आहे. घरचें वर्षाचें धान्य आणि मामेबहिणीच्या शिक्षणाचा खर्च हीं दोन्ही त्याच शेतावर अवलंबून. भात पोटरींत आलें असतां खाचरांत मधेंच ठिकठिकाणीं रोपें पिंवळीं पडून करपूं लागलीं. एका दुकानदारानें ‘युरिया कमी पडला, आणखी टाका’ असें सांगितलें, व मामा उसनवारीनें पोतें आणावयास निघालेहि. इतक्यांत मामेबहिणीनें किसान कॉल सेंटरला दूरध्वनि लावला.

पलीकडच्या गृहस्थांनीं औषधाचें नांव सांगण्यापूर्वीं उलट प्रश्नच विचारले. चुडांच्या बुडाशीं बारीक किडे दिसतात काय? पाणी किती दिवस सांचलेलें आहे? युरिया केव्हां दिला? उत्तर देण्यासाठीं मामांस चिखलांत उतरून चूड फांकून पाहावा लागला. बुडाशीं तपकिरी तुडतुडे दाटीनें बसले होते! तेव्हां सल्ला मिळाला तो असा: खाचरांतील पाणी काढून टाका, युरिया आतां मुळींच देऊं नका, त्यानें या किडीस अधिकच फावतें, आणि फवारणी करावीच लागली तर ती बुडाशीं पोंचली पाहिजे. करपलें तें गेलेंच. परंतु उरलेलें पीक हातीं लागलें आणि पोत्याचे पैसे वांचले.

आम्हांस वाटतें, यंत्रापेक्षांहि त्या उलट प्रश्नांचें मोल अधिक आहे. नुसतें ऐकविल्यानें काम होत नाहीं, ऐकूनहि घ्यावें लागतें. महाराष्ट्रानें हा अनुभव पूर्वींच घेतला आहे. १९५६ सालीं पुणें आकाशवाणीनें युनेस्कोच्या साह्यानें पांच जिल्ह्यांतील सुमारें १५० गांवांत श्रोतृमंडळें स्थापन केलीं. आठवड्यांतून दोनदां, अर्ध्या तासाचे असे २० कार्यक्रम झाले. गांवकरी एकत्र बसून ऐकत, चर्चा करीत आणि आपल्या शंका पुण्यास कळवीत. त्यांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांत मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेनें या प्रयोगाची पाहणी केली, तेव्हां असें दिसलें कीं, केवळ रेडिओ असलेल्या गांवांपेक्षां मंडळें असलेल्या गांवांतील लोकांचें ज्ञान पुष्कळच अधिक वाढलें. रेडिओ दोन्हीकडे होता. प्रश्न विचारण्याची सोय मात्र एकीकडेच होती.

आज ती सोय घरोघरीं आली आहे. २१ जानेवारी २००४ रोजीं सुरू झालेलें हें किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर सकाळीं ६ पासून रात्रीं १० पर्यंत मराठींतहि बोलतें, व त्यास पैसा पडत नाहीं. बोलणाऱ्यास उत्तर न आल्यास प्रश्न वरच्या तज्ज्ञांकडे जातो. शिवाय आपल्याच लोहमार्गावर कर्जत येथें भातसंशोधनाचें केंद्र आहे.

तरीहि पुष्कळ वडीलधारीं माणसें ‘साहेबांशीं कसें बोलावें?’ म्हणून संकोचतात. विद्यार्थिमित्रहो, येथेंच आपलें काम आहे. सुटींत आजोळीं गेल्यावर दूरध्वनि लावून देणें सोपें. परंतु त्याआधीं बियाणें कोणतें, लावणी केव्हां झाली, पाणी किती आहे, रोग पानावर आहे कीं बुडाशीं, हें शेतांत उतरून पाहून कागदावर टिपून ठेवावें. तज्ज्ञास शेत दिसत नाहीं. त्याला तें आपल्याच डोळ्यांनीं दिसावयाचें असतें. मग दूरध्वनि मात्र मामांच्याच हातीं द्यावा. शेत त्यांचें आहे, प्रश्नहि त्यांनींच विचारावा.