वंगण

दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना गाडीने पहिला हिसका दिला तेव्हा आम्ही चांदणी चौकाच्या चढावर होतो. हिसका मोठा नव्हता. शेजारी बसलेल्या स्नेह्यांच्या बोलण्यात त्याने खंडही पडला नाही. आमच्या मात्र तो जिव्हारी लागला. डाव्या पायाचे आणि आमचे लहानपणच्या एका तापापासून बिनसलेले आहे, त्यामुळे क्लच दाबावा लागणारी गाडी आम्हाला चालवता येत नाही. आपोआप गिअर बदलणारी ही २००९ सालची होंडा सिटी आम्ही वापरलेली घेतली, आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी प्रथमच कुणाची वाट न पाहता घराबाहेर पडलो. अशा गाडीची गिअरपेटी गेली, तर ती दुरुस्त करण्याचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या आसपास जातो. तेव्हा त्या हिसक्याबरोबर आम्हाला दिसली ती भर उन्हात रिक्षावाल्याची मनधरणी करणारी आमचीच जुनी आकृती.

पहिल्या गॅरेजात उत्तर मिळाले, ‘सर, याचं ऑइल लाइफटाइम असतं, हात लावू नका.’ दुसऱ्यात मिळाले, ‘गिअर ऑइल बदलून देतो, तासाभरात गाडी घेऊन जा.’ ज्यांचा उभा जन्म शब्दांचा कीस काढण्यात गेला, त्यांना या दोन वाक्यांनी झोप लागू नये, यात नवल नाही.

‘लाइफटाइम’ म्हणजे कुणाचे आयुष्य? गाडीचे, पेटीचे, की हमीच्या कागदाचे? अनेक गाड्यांना आपोआप चालणाऱ्या गिअरपेट्या पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर, किंवा आठ वर्षे, यांदरम्यान तेल बदला असे सांगते. त्याच पेट्या बसवणारे काही गाडीवाले मात्र तेल आजन्म टिकते म्हणतात. पेटी घडवणाऱ्याचे आयुष्य आणि गाडी विकणाऱ्याचे आयुष्य यांत असा फरक पडतो. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत तर तेल बदलण्याचे कोष्टकच छापलेले होते. ती पुस्तिका, घरातल्या सर्व पुस्तकांत, आम्ही एकदाही न उघडलेली होती.

दुसऱ्या गॅरेजातला शब्द अधिक धोक्याचा. हाताने गिअर टाकायच्या पेटीत जे घालतात ते गिअर ऑइल. दाट, दातेरी चाकांवर चिकटून राहणारे. आपल्याकडे बैलगाडीच्या कण्याला घालत त्या वंगणाचाच तो वंशज म्हणावा. आपोआप गिअर बदलणाऱ्या पेटीतला द्रव पातळ असतो आणि वंगण हे त्याचे केवळ एक काम. इंजिनाचा जोर चाकांकडे तोच पोचवतो: टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एक पंखा तेल घुसळतो आणि त्या तेलाच्या लोटाने समोरचा दुसरा फिरतो, दोहोंत घट्ट जोड नसताना. व्हॉल्व्हच्या चक्रव्यूहातून दाबाने धावून कोणता क्लच केव्हा आवळायचा, हेही तोच घडवून आणतो. शिवाय उष्णता वाहून नेतो. हे सारे करताना त्याने चाकांना निसटू द्यायचे आणि क्लचच्या चकत्यांना निसटू द्यायचे नाही! निसरडेपणा आणि पकड या दोन विरुद्ध गुणांची एकाच द्रवात मोट बांधणारी जी रसायने, त्यांवरच गिअर अलगद पडतो की हिसक्याने, हे ठरते. ती झिजली किंवा मुळातच दुसऱ्या पेटीसाठी बेतलेली असली, की चकत्या घसरतात किंवा थरथरतात.

या रसायनांचा इतिहास वाचताना आम्ही थबकलो. जनरल मोटर्सने १९६७ साली डेक्स्रॉन नावाचा द्रव आणला. त्यात पकडीचा हा तोल साधण्यासाठी स्पर्म व्हेल माशाचे तेल असे. मासा म्हणण्याची आमची सवय जाणार नाही, असो. १९७० मध्ये अमेरिकेने तो देवमासा संकटग्रस्त ठरवला, १९७३ चा कायदा आला, आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. फोर्डने मात्र त्याच काळात ही रसायने वगळलेले, कडक पकडीचे टाइप एफ वापरले. एकाचे तेल दुसऱ्याच्या पेटीत चालत नसे. मेलव्हिलच्या १८५१ च्या ‘मोबी डिक’मध्ये देवमाशाच्या मेणचट तेलाच्या गुठळ्या खलाशी हातांनी कुस्करतात, ते चौऱ्याण्णवावे प्रकरण आम्ही वर्गात अनेकदा शिकवले आहे. हातांना हात लागून माणसे विरघळतात, वगैरे आम्ही बोलत असू. ते तेल पुढे शंभरेक वर्षांनी मोटारींच्या गिअरपेट्यांत फिरले, हे मात्र आम्ही कधी सांगितले नाही, कारण माहीत नव्हते.

आमच्या पेटीसाठी मुळात होंडाचे झेड-१ होते. २०११ च्या सुमारास त्याची जागा डीडब्ल्यू-१ ने घेतली, आणि ते जुन्या गाड्यांनाही चालते. ‘सगळ्या गाड्यांना चालणारे’ एक स्वस्त तेल दुकानदाराने पुढे केले. ते वाईटच असते असे नव्हे. पण जिच्यावर आमचे चालणे-फिरणे अवलंबून, तिथे सर्वसमावेशकतेचा प्रयोग करण्याची आमची तयारी नव्हती.

राहिली एक भीती. जुने तेल काढले की पेटी मरते, असे दहांतले सात जण सांगतात. आम्हाला वाटते, यात कार्यकारणाची उलटापालट आहे: पेटी अखेरच्या घटका मोजू लागल्यावरच लोकांना तेल आठवते, आणि मग खापर नव्या तेलावर फुटते. तरीही यंत्राने दाब देऊन सारी पेटी धुऊन काढण्याला आम्ही नकार दिला. साधा मार्ग धरला: खालचा बोल्ट काढायचा, निघेल तेवढे तेल सोडायचे, तेवढेच नवे भरायचे. एका वेळी सुमारे अडीच लिटर, म्हणजे एकूण तेलाच्या निम्म्याहून कमी, निघते. बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि वाटांमध्ये दडून राहते. म्हणून मधे गाडी सर्व गिअरांतून फिरवून हेच तीनदा करायचे. तीन फेऱ्यांनंतर जुने तेल एक-पंचमांशाच्या आसपास उरते.

तिसऱ्या गॅरेजातला तरुण मेकॅनिक हसून म्हणाला, ‘सर, तुम्ही वाचा, मी करतो.’ आम्ही खुर्ची टाकून पुस्तिका मोठ्याने वाचत बसलो. तेल लाल हवे होते (गळती ओळखू यावी म्हणून त्याला रंग देतात). निघाले ते काळपट तपकिरी, करपल्या वासाचे. बोल्टच्या लोहचुंबकावर राखाडी चिखल होता. मेकॅनिकने तो दोन बोटांत चोळून पाहिला, प्रकाशात धरला, आणि धातूचा एकही तुकडा नाही असे सांगितले. त्या क्षणापर्यंत आपण श्वास रोखून बसलो आहोत, हे आमच्या लक्षात आले नव्हते. नवा वायसर बसला, नरसाळ्यातून लाल तेल उतरले. पातळी पाहताना तो इंजिन चालूच ठेवणार होता. कित्येक गाड्यांत तीच रीत आहे. आम्ही ओळ पुन्हा वाचली: गरम इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांत. त्याने घड्याळ लावले.

हिसका पुरता गेलेला नाही. थंडीच्या सकाळी, पहिल्या एक-दोन किलोमीटरांत, तो दुसऱ्या-तिसऱ्याच्या सांध्यावर किंचित जाणवतो. परवा त्याच चढावर मात्र आला नाही. पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आम्ही किलोमीटरचा आकडा आणि तारीख पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.