काशींतील महाराष्ट्र

पैनगंगा आमच्या देऊळघाटाजवळच्या डोंगरांत उगम पावते. उन्हाळ्यांत तिचें कोरडें पात्र पाहण्याची आम्हांस संवय. त्यामुळें काशीस पंचगंगा घाटावर उभें राहून भागीरथीचा विशाल ओघ पाहतांना क्षणभर वाचाच खुंटली.

येण्यास कारण घरगुती होतें. आजोबांनीं आणलेला गंगेचा गडू गतवर्षीं पत्नीच्या अंतकाळीं फोडावा लागला. “गंगाजल आतां टपालानें घरपोंच मिळतें,” असें चिरंजीव म्हणाले. २०१६ पासून ती सोय आहे खरी. पण आजोबा जेथें उतरले तें घर पाहावें, ही इच्छा फार दिवसांची होती.

दुर्गाघाट व ब्रह्माघाट या बाजूस महाराष्ट्रीयांची जुनी वस्ती आहे. बोळ इतके अरुंद, कीं समोरून कोणी आल्यास भिंतीशीं अंग चोरावें. पैठणचें भट्ट घराणें सोळाव्या शतकांत काशीस आलें. त्यांतील कमलाकरभट्टांनीं १६१२ सालीं ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. गागाभट्टांनीं १६७४ सालीं शिवछत्रपतींस राज्याभिषेक केला. विश्वनाथाचें मंदिर १७८० सालीं अहल्याबाई होळकरांनीं बांधविलें; दक्षिणेकडील शिंदेघाट बायजाबाई शिंद्यांचा. राज्यें गेलीं, घाट राहिले.

उपाध्यायांच्या घरीं मराठीच बोलतात, पण तीस हिंदीचा हेल आहे. त्यांनीं जुनें बाड पुढें ठेविलें. “गुरुजी, ही मोडी आम्हांस आतां वाचतां येत नाहीं.” चष्मा पुसून मीं एकेक ओळ लावली. शके १८५३, देऊळघाट, आजोबांचें नांव, त्यांच्या वडिलांचें, बंधूंचें. आजीचें नांव कोठेंच नव्हतें, ‘सहकुटुंब’ एवढेंच! कोऱ्या पानावर मीं देवनागरींत प्रथम आजीचें, मग पत्नीचें नांव लिहिलें आणि नंतर आम्हां पुरुषांचीं व नातीचें.

उपाध्यायांच्या मुलानें मोडी शिकविण्याची गळ घातली. मुक्काम दोन दिवस वाढवून त्यास मुळाक्षरें व बाराखडी लिहून दिली. चाळीस वर्षें शिकविलें, पण असा धडा पूर्वीं कधीं दिला नव्हता.

निघतांना गडू भरला, तोंडास डाख लावून घेतला. आमच्या पैनगंगेचें पाणीही वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा वाटेनें अखेर पूर्वसमुद्रासच मिळतें. गडू आतां देवघरांत आहे. पुढें तो कोणासाठीं फुटेल, हें ओळखण्याइतकें माझें वय झालें आहे. त्याची खंत नाहीं.